कंदिले कसे संपले

“दर वेळी टाचण्या. एकदा तरी नीट झाडून द्यावं माणसानं,” दीर बोट चोखत पुटपुटला. वहिनीच्या कानावर पडेल इतपतच हळू.

तिच्या कानावर पडलं. तरी ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून पडद्याला दुमड घालत राहिली. टेबल तिचं होतं. आठवडाभर त्यावर ती लोकांचे पडदे, उशांचे अभ्रे, सोफ्यांची कव्हरं बेतायची आणि घराचा निम्मा खर्च त्याच फळीवरून निघायचा. शनिवारी दुपारी मात्र त्याचं साम्राज्य व्हायचं. मग कापड, कात्री, खडू घेऊन तिनं कोपरा गाठायचा आणि तिथून साम्राज्याला चहा पुरवायचा.

सम्राट म्हणजे तिचा नवरा. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकानं विचारलं, की काळी फ्रेम घेऊ का तपकिरी, तर हा माणूस “दोन्ही छान दिसतात” म्हणून मोकळा व्हायचा. इथे तोच डोंगर हलवायचा, राजे मारायचा, नद्या आटवायचा. त्यानं एक अख्खी दुनिया रचली होती. तिच्यात जमाती होत्या, प्रत्येक जमातीला एक देणगी आणि एक खोड होती. खेळणाऱ्यानं आपली जमात निवडायची, तिचं बोटभर मातीचं बाहुलं पुढ्यात ठेवायचं आणि फासे टाकून पराक्रम करायचे. नवऱ्याचे मित्र, दातांचे डॉक्टर, घेत खडकुला, म्हणजे दगडाच्या हाडांची, मरणाला न भिणारी जमात. घरी उशीर झाला तर बायकोला काय सांगायचं याची तालीम हाच खडकुला जिन्यात उभा राहून करायचा. दिराचा पिसाडा आभाळात उडायचा. खुद्द दिराला बल्ब बदलायला शिडी चढवत नसे, वहिनीच चढायची.

पूर्वी ती हे सगळं हसून सोडून द्यायची. आता हसू येत नसे.

पूर्वी चौथ्या खुर्चीत तिचा मुलगा बसायचा. शाळेत असताना त्यानं आणि बापानं मिळून एक जमात काढली होती, कंदिले. राखेच्या रंगाची, काटकुळी माणसं, छातीच्या पोकळीत एक ज्योत. दुसऱ्याच्या जखमेवर हात ठेवला की जखम भरायची, पण आपली ज्योत तेवढी बारीक व्हायची. मुलगा वर्षानुवर्षं कंदिलाच झाला. त्यानं खडकुल्याला किती वेळा मरणाच्या दारातून ओढून आणलं याचे किस्से बाप दुकानात गिऱ्हाइकांना ऐकवायचा, चष्मा पुसता पुसता.

मग मुलानं सांगितलं, की मी दुकानात बसणार नाही, मी नर्सिंगला नाव घातलंय. याच टेबलाशी सांगितलं. बाप म्हणाला, परक्यांची घाण काढायची असेल तर या घरात राहून काढायची नाही. मुलगा उठला, बॅग भरली आणि गेला. डॉक्टर फासे रंगवार लावत बसले, दीर पंख्याकडे बघत बसला, आणि पुढच्या शनिवारी तिघं पुन्हा खेळायला बसले. कंदिल्यांचं नाव कुणी काढलं नाही. मुलाचंही नाही. त्यानंतर ती मुलाला इस्पितळाच्या फाटकाबाहेरच्या बाकावर भेटायची, त्याची ड्यूटी सुटल्यावर, घरी सुताची रिळं आणायला जाते सांगून.

आज सकाळी त्याचा फोन आला होता. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात नोकरी लागली होती, उद्या निघायचं होतं. संध्याकाळी उरलेले कपडे न्यायला येईन म्हणाला. बाबांना नको असेल तर जिन्यातच उभा राहीन, तू पिशवी खाली आणून दे. तेव्हापासून ती नवऱ्याला सांगायला तोंड उघडत होती. नाश्त्याला उघडलं, तर तो पिसाड्यांच्या पंखांना किती वजन पेलावं यावर बोलत होता. तिनं तोंड मिटलं आणि मुलाची यायची वेळ जवळ येत चालली.

आणि नेमकं आजच डॉक्टरांनी आपली नवी सून आणली होती, चौथा गडी म्हणून. सून चुणचुणीत होती. बाहुल्यांचा पत्र्याचा डबा पुढे ओढून तिनं एकेक बाहुलं काढून पाहिलं आणि तळातून एक राखाडी, लांब हातांचं उचललं. त्याच्या गळ्यात निळ्या कापडाचा बारीकसा मफलर होता. तो वहिनीनंच शिवला होता, एका दुपारी, मुलाच्या हट्टापायी.

“मला हा हवा. कोण आहे हा?”



“ते घेता येत नाही,” नवरा म्हणाला. “ते संपले. साथ आली होती.”

“भूकंपात,” डॉक्टर त्याच क्षणी म्हणाले.

“स्थलांतर केलं त्यांनी,” दीर म्हणाला आणि दोघांकडे बघू लागला.

सून हसली. तिला वाटलं, नव्या माणसाची गंमत चाललीय. मग एखादा वाचला असेलच ना, ती म्हणाली, साथीत सगळे थोडेच मरतात, मी तो शेवटचा होईन. नवऱ्यानं चष्मा काढून पुसायला घेतला. नियम म्हणजे नियम, तो म्हणाला, पिसाडे घ्या, बायकांना पिसाडे आवडतात. डॉक्टर सुनेला डोळ्यांनी दटावत होते. दीर टेबलाखाली टाचण्या शोधायला वाकला होता. तीन मोठी माणसं, एकाच्याही तोंडून खरं निघेना, आणि खोटंसुद्धा तिघांनी एक ठरवलेलं नव्हतं.

तिनं सुई कापडात खोचली, उठून टेबलाशी आली आणि सुनेला म्हणाली, “घे तू ते. साथबीथ काही आली नव्हती.”

“अगं, खेळ चाललाय,” नवरा म्हणाला.

“चालू दे. मी खेळातलंच सांगतेय.” आवाज चढला नव्हता. गिऱ्हाइकाला पडद्याचं माप सांगावं तसाच होता. “कुणी मेलं नाही, कुणी स्थलांतर केलं नाही. तुम्ही पोराला याच टेबलावरून उठवून घराबाहेर घातलंत, आणि हे दोघं बघत बसले. मीपण बसले. संध्याकाळी तो कपडे न्यायला येतोय, उद्या गाव सोडून चाललाय. जिन्यात उभा राहीन म्हणतो.”

नवरा चष्म्याच्या काचा पुसतच होता. त्या कधीच लख्ख झाल्या होत्या.

“इथे मातीच्या माणसांना बरं करत होता,” ती म्हणाली, “तोवर तुम्हाला त्याचा अभिमान होता. खऱ्या माणसांना करायला लागला, तेव्हा लाज वाटली.”