अवनीच्या हातातला ढोल

सरावाला जमलेल्या मित्रांनो, जरा वेळ वाजवू नका, ऐका. मी तुमचा कोपऱ्यातला ढोल. जुना आहे आणि एका बाजूने पोचा पडलाय, हे आधीच सांगून टाकतो. एका कारागिराने पत्रा वाकवून मला घडवलं, दोन्ही तोंडांना कातड्याची पानं चढवली आणि कर्वेनगरच्या या पथकाच्या स्वाधीन केलं. दहा गणेशोत्सव मी गाजवले. टाळ्या आपल्यालाच मिळतात, असं मला उगाच वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी दहावी झालेली अवनी आली. पहिल्यांदा मला कमरेला बांधलं तेव्हा तिचे पाय लटपटले. पण पोरगी चिकाटीची. मला पुसायची, दोऱ्या ताणायची. इतके लाड माझे कोणी केले नाहीत.

यंदा जूनमध्ये मात्र तिचं काहीतरी बिनसलं. बाकीचे तासाभरात घामाघूम होऊन बसायचे, ही चार तास थांबायची नाही. बोटं सोलवटली, वाजवायच्या टिपरूला रक्त लागलं, तरी हसत होती. "तीन दिवस झोपलेच नाहीये, गरजच वाटत नाही," असं मैत्रिणींना सांगायची. बोलणं इतकं भरभर, की दुसऱ्याला तोंड उघडू द्यायची नाही. पाचशे मुलींचं स्वतःचं पथक काढणार म्हणायची आणि कोणी हसलं की अंगावर धावून जायची. मला तिची भीती वाटायला लागली.

पण पथकाला हेच तर हवं असतं, न थकणारा हात. आपल्या पथकप्रमुख अनिरुद्धदादाने तिला पहिल्या रांगेत आणलं. "जोश शिका हिच्याकडून," असं सगळ्यांसमोर म्हणाला. मनाने वाईट नाही तो. त्याला ते दुखणं वाटलंच नाही.

जुलैत ती एकदम विझली. टिपरू उचलवेना. माझ्यावर डोकं टेकून पुटपुटली, "मी नसले तरी कोणाला काय फरक पडणारे?" ते फक्त मी ऐकलं. मग ती येईनाशी झाली आणि गैरहजेरीमुळे तिचं नाव कमी झालं. गेल्या वर्षीही थोडंफार असंच झालं होतं. तेव्हा सगळे म्हणाले, वयच तसं आहे.

आज तिची आई, हेमाताई, पथकाचा कुर्ता परत द्यायला आल्या. म्हणाल्या, अवनी महिनाभर अंथरुणातून उठत नाही, जेवत नाही. डॉक्टरांनी त्यांना एक गोष्ट मुद्दाम विचारून यायला सांगितली होती; औषध त्यावरच ठरणार होतं.

"अनिरुद्ध, त्याआधी ती कधी वेगळी वागली का रे? झोप नाही, बोलणं थांबत नाही, असं काही? घरी दार लावून असायची. आम्हाला वाटायचं, अभ्यास करतेय."

दादाला वाटलं, पोरीची बाजू राखावी.

"छे हो काकू, वेगळी वगैरे काही नाही. एकदम टॉप फॉर्ममध्ये होती."

हेमाताईंनी हातातल्या कागदावर लिहिलं, 'तसं काही नाही.'

मी हातभर अंतरावर होतो. पण मारल्याखेरीज माझा आवाज निघत नाही, आणि निघाला तरी त्यातले शब्द तुम्हा वाजवणाऱ्या पोरांखेरीज कोणाला कळत नाहीत. असं असहाय मला कधीच वाटलं नव्हतं.

मित्रांनो, माझी निगा राखा, असं सांगायचं ठरवलं होतं. राहू द्या ते. जूनमध्ये तुम्ही इथेच होतात, सगळं पाहिलंत. ते सांगणं म्हणजे चुगली नव्हे. हेमाताई अजून फाटकापाशी रिक्षाची वाट बघत उभ्या आहेत. जा, त्यांना सांगा.