निळ्या दोऱ्याची खूण

"निघताना घर झाडून निघ. आपला केर मागच्याला काढायला ठेवू नये."

सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण त्यांचा हा आवाज सकाळपासून बाईंच्या कानाशी ठाण मांडून बसला होता. म्हणून पुढची खोली त्यांनी तिसऱ्यांदा झाडायला घेतली. खरं तर झाडण्यासारखं काही उरलं नव्हतं. कपाट गेलं होतं, पलंग गेले होते, भिंतीवरचं घड्याळही ज्याला द्यायचं त्याला देऊन झालं होतं. घड्याळाच्या जागी भिंतीवर एक पांढरा गोल राहिला होता आणि वेळ बघायला मान वर गेली की तो गोल डोळे वटारायचा. बाई केर भरायच्या, बाहेर टाकायच्या, आत यायच्या, आणि खोलीच्या मधोमध ठेवलेल्या पत्र्याच्या पेटीला वळसा घालून पुन्हा कोपऱ्यापासून सुरुवात करायच्या.

पेटीला मात्र हात लावत नव्हत्या.

अकरा वर्षांपूर्वी वर्षभराच्या लेकीला कडेवर घेऊन त्या नवऱ्याबरोबर या परक्या मुलखात आल्या. नवरा ख्रिस्ती मंडळीचा पाळक. गल्लीतले सगळे त्यांना साहेब म्हणायचे आणि यांना बाई. साहेबांचं काम दर रविवारी सगळ्यांना दिसायचं, ऐकू यायचं. बाईंचं काम कुठल्याच अहवालात बसणारं नव्हतं. त्यांनी पहिल्याच महिन्यात देवापुढे एक नेम धरला होता : रोज एक घर. पहाटे एक स्तोत्र म्हणायचं आणि दिवस मावळायच्या आत कुणाच्या तरी घरी जाऊन बसायचं. तिथे काही शिकवायचं नाही, सांगायचं नाही, फक्त बसायचं. कुणाचं पोर आजारी असेल तर ते मांडीवर घ्यायचं, कुणाची भांडी घासायची राहिली असतील तर पदर खोचायचा. एकदा ताप एकशे तीनवर गेला तेव्हा शेजारणीच्या पायरीवर घोंगडी पांघरून बसून आल्या होत्या, पण नेम मोडला नव्हता.

आजचं घर अजून राहिलं होतं. आणि पाच वाजता गाडी यायची होती.

सगळ्यांना वाटत होतं की साहेब रजेवर चाललेत. वाटणारच. पाच वर्षांपूर्वीही ते असेच घर रिकामं करून रजेवर गेले होते आणि आठ महिन्यांनी परत आले होते. मिशनची ही जुनी पद्धत होती. रजेवर जाणारं कुटुंब थंडीचे कपडे, पडदे, किटली, चार पुस्तकं असं एका पेटीत भरतं आणि ती पेटी गावात कुणाकडे तरी ठेवून जातं. पेटी ठेवली म्हणजे माणूस येणार, पावतीच ती. पेटी नेली म्हणजे राम राम.

या खेपेला मुख्य कचेरीतून तीन आठवड्यांपूर्वीच पत्र आलं होतं. हे ठिकाण बंद करायचं ठरलं आहे, पुढे इथे कुणाला पाठवणार नाही, सभागृह घरमालकाला परत द्यावं, आणि मंडळीला ही गोष्ट योग्य वेळी कळवावी. साहेबांनी पत्र चार वेळा वाचलं. त्यातले 'योग्य वेळी' हे दोन शब्द त्यांना असे लागू पडले, जसा सर्दीला वाफारा. पहिला रविवार गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. योग्य वेळ काही उगवेना.

"तिकडे पोचलो की सविस्तर लिहीन," काल पेटी भरताना ते म्हणाले होते. "नीट शब्दांत. असं निघता निघता सांगितलं तर लोकांचा धीर सुटेल."

"मग ही पेटी कशाला?"

"नाही ठेवली तर विचारतील ना."

बाईंनी किटली फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवली. साहेब वाईट नव्हते. दारी आलेल्या भिकाऱ्यालाही त्यांना नाही म्हणता यायचं नाही. सुतार त्यांना तोंडावर म्हणायचा, साहेब, तुम्हाला नकार द्यायचा असला की मला बोलवत जा, मी मोफत देतो. पण कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, आणि हे कोंबडं उद्या-परवा कुणाच्या उरावर आरवणार, ते बाईंना पक्कं ठाऊक होतं.

ते इस्त्रीवाल्या मावशीच्या उरावर आरवणार होतं.

गल्लीच्या टोकाला मावशीचं धुलाईचं दुकान होतं. पुढे इस्त्रीचं लांब टेबल, मागे खळीचं पातेलं, वर दोऱ्यांवर सदरे. चाळीस घरांचे कपडे यायचे, पण मावशीला अक्षरओळख नव्हती. तिने प्रत्येक घराला एक दोरा दिला होता. कॉलरच्या आत, कमरपट्टीच्या मागे, चादरीच्या कोपऱ्यात त्या रंगाचे दोन टाके. बेकरीवाल्याचा पिवळा, सुताराचा तपकिरी, साहेबांच्या घरचा निळा. चाळीस वर्षांत तिच्याकडून एकाचा सदरा दुसऱ्याकडे गेला नव्हता.

साहेबांच्या आधी इथे एक म्हातारं जोडपं होतं. त्यांचा दोरा हिरवा. तेही रजेवर म्हणून गेले आणि पेटी मावशीकडे ठेवून गेले. मावशीने दर महिन्याला ती पेटी उघडली, कपड्यांना ऊन दाखवलं, घड्या उलट्या घातल्या आणि परत भरली. असं सात वर्षं केलं. एक दिवस त्यांच्या मुलाचं चार ओळींचं कार्ड आलं, ते तिने साहेबांकडूनच वाचून घेतलं. आईवडील केव्हाच निवृत्त झाले, आता परत येण्याचा प्रश्नच नाही, पेटीचं काय ते तुम्हीच बघा. मावशीने त्या दिवशी दुकान बंद ठेवून एकेक हिरवा टाका उसवला आणि कपडे वाटून टाकले. सात वर्षं हिरवा दोरा तिने कुणालाच दिला नव्हता. ते लोक आले असते तर घोळ झाला असता ना.

हे तिने बाईंना मागच्या रजेवरून परतल्यावर सांगितलं, पेटी घ्यायला गेल्या तेव्हा. उन्हाचा वास असलेले कोट हातात देत ती म्हणाली होती, "बाई, एक शब्द द्या. कधी कायमच्या जाल तेव्हा पेटी ठेवू नका. तोंडावर सांगा. रडायचं ते एकदाच रडेन."

आणि बाईंनी शब्द दिला होता. घाईत दिला नव्हता, तिचा हात हातात घेऊन दिला होता.

निरोपाची सभा अकराला होती. सभागृह म्हणजे एका गोदामाची वरची खोली. तिचं दार इतकं करकरायचं की उशिरा येणाऱ्याची चोरी सगळ्या मंडळीला कळायची. सुतार बोलायला उभा राहिला आणि म्हणाला, साहेबांनी अकरा वर्षांत माझ्यासारख्याला वळवलं, पण हे दार काही त्यांना वळवता आलं नाही. आता परत येईपर्यंत मीच तेल घालून ठेवतो. लोक हसले. साहेबही हसले, जरा जास्तच. बाईंना बसवेना. चहा गाळायच्या निमित्ताने त्या तीनदा उठल्या, कप आधीच भरलेले असताना आणखी कप मांडून आल्या. बेकरीवाल्याची म्हातारी त्यांना म्हणाली की बाई, पायाला भिंगरी लावलीत की काय, दोन घटका टेका. टेकल्या, आणि पुन्हा उठल्या.

मग मावशी पुढे आली. तिने एक टेबलक्लॉथ आणला होता, पांढराशुभ्र, खळीने कडक. त्याच्या काठावर चाळीस घरांचे टाके होते, ओळीने, ज्याचा त्याचा रंग. कुणाचंही नाव नव्हतं. पण लोक उठून येऊन आपापला टाका शोधू लागले, हा माझा, हा तुझा, अरे तुझा वाकडाच आहे तुझ्यासारखा. मधोमध निळा होता.

"तुमचा निळा मी कुणाला देणार नाही, बाई," मावशी म्हणाली. "काल नवीन बिऱ्हाड आलं, तो माणूस निळा मागत होता. म्हटलं, तो ठेवलेला आहे."

एवढं म्हणून तिने साहेबांकडे पाहिलं नाही, बाईंकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, साहेब, पेटी या खेपेला कुणाकडे? आणि साहेब, ज्यांना कधी नाही म्हणता आलं नाही, ते म्हणाले, मावशीकडेच, आणखी कुणाकडे. टाळ्या पडल्या. मावशीचा चेहरा असा मोकळा झाला की बाईंना मान खाली घालावी लागली. शब्द दिलेल्या बाईने तोंडात मिठाची गुळणी धरली, आणि पेटी मावशीकडे चालली, म्हणजे हे येणार. मावशीने तेवढाच हिशेब केला होता. त्यात तिची काय चूक.

सभा संपल्यावर सुताराने पेटी हातगाडीवर घातली आणि नेलीसुद्धा.

घरी आल्यावर बाईंनी पुन्हा झाडू हातात घेतला. पेटीच्या जागी आता धुळीचा चौकोन होता. तो झाडला. मग स्वयंपाकघरात गेल्या, रिकामा ओटा पुसला, तिथून मागच्या खोलीत आल्या. लेक खिडकीत बसली होती, मांडीवर वह्यांचा गठ्ठा. बारा वर्षांची पोर, पण सकाळपासून एकदाही रडली नव्हती. बाईंनी सहज विचारावं तसं विचारलं की पेटीत तू काहीच ठेवलं नाहीस, मागच्या वेळी तर बाहुल्यांचं अख्खं बिऱ्हाड ठेवलं होतंस.

"आपण येणार नाही ना," लेक म्हणाली. "मग कशाला ठेवायचं?"

बाईंच्या हातातला फडका थांबला.

तिने पत्र खणात पाहिलं होतं. तीन आठवडे झाले होते. मैत्रिणींना सांगितलंस का, असं बाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली की नाही, बाबा सांगत नव्हते, तू सांगत नव्हतीस, म्हणून मीही नाही सांगितलं. मैत्रिणीने परीक्षेपर्यंत येशील ना म्हणून विचारलं, तेव्हा मी हो म्हणाले.

"मला जमलं, आई. आधी वाटलं, जमणार नाही."

ती फुशारकीने म्हणाली नव्हती. हातावरचा ओरखडा दाखवावा तसं म्हणाली होती. बाई तिच्याजवळ बसल्या. या घरात रोज पहाटे स्तोत्र म्हटलं गेलं, जेवणाआधी हात जोडले गेले, आणि शेवटच्या तीन आठवड्यांत पोर शिकली ती ही विद्या. केर केर म्हणून सकाळपासून जो शोधत होत्या, तो हा असा खिडकीत बसलेला होता.

"माझं चुकलं," त्या लेकीला म्हणाल्या. "तू जा आणि मैत्रिणीला खरं काय ते सांगून ये. गाडीला वेळ आहे."

लेकीने एकदा आईकडे नीट पाहून घेतलं, वह्या खाली ठेवल्या आणि चपला शोधायला लागली. दारापर्यंत गेली आणि मग तिला रडू फुटलं, तशीच पळाली.

बाहेरच्या खोलीत साहेब वळकटी बांधत होते. एकदा बांधून झाली होती, तरी दोरी सोडून पुन्हा बांधत होते. घर लहान, सगळं ऐकू गेलं होतं. बाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. काय बोलायचं ते मनात जुळवत होत्या, इतक्यात साहेबांनीच मान वर न करता विचारलं,

"तुझं आजचं घर राहिलं असेल ना?"

"राहिलंय."

त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. पेटीची किल्ली कड्यातून निघता निघेना. नखाने ओढून ओढून त्यांनी ती सोडवली आणि वळकटीवर ठेवली. मीही येऊ का, असं त्यांनी विचारलं, आणि बाई काही म्हणायच्या आत स्वतःच मान हलवली. मंडळीला आजच चिठ्ठी लिहून सुताराकडे देतो, म्हणाले. तोंडाने सांगणं माझ्याच्याने व्हायचं नाही. कागद शोधायला उठले, मग आठवलं की कागद सगळे ट्रंकेत बांधले गेलेत. बाईंनी लेकीच्या वह्यांतलं एक कोरं पान फाडून त्यांच्यापुढे ठेवलं.

किल्ली घेतली. शिवणाच्या डब्यातून लहान कातर काढली. टाके उसवायला मावशीची मोठी कातर चालत नाही, कापड फाटतं. दोघी मिळून बसलो तर पेटीतले निळे टाके तासाभरात निघतील. नव्या बिऱ्हाडाचे कपडे उद्या धुवायला येतील, त्यांना निळा मिळायला हवा. कपडे कुणाला द्यायचे ते मावशीच ठरवेल. रडेल. दोनदा रडायला लागू नये एवढंच आपल्या हातात होतं, आणि तेही आता अर्धंच राहिलं होतं.

घड्याळ बघायला त्यांची मान पुन्हा वर गेली, आणि पांढरा गोल बघून खाली आली. ऊन दुसऱ्या पायरीवर होतं. म्हणजे तीन वाजायचे होते. बाईंनी पदर सारखा केला, कातर त्यात गुंडाळली, आणि मागच्या दाराने न जाता पुढच्या दाराने, सगळ्या गल्लीसमोरून, मावशीच्या दुकानाकडे चालायला लागल्या.