दोघांनी बसायचं

"मेंबर लोकांना कशाला हवी हो सवलत?" रिसॉर्टमधल्या पार्कच्या तिकिटांच्या रांगेतला पाठीमागचा माणूस म्हणाला. तो कुणा एकाशी बोलत नव्हता, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने बोलत होता. "वर्षातला एक आख्खा आठवडा विकत घेऊन ठेवायला परवडतो, आणि पार्कचं तिकीट परवडत नाही होय? सवलत द्यायची तर आम्हाला द्या. आम्ही खोलीचं पूर्ण भाडं भरतोय."

कवळीवाले रांगेत त्याच्या पुढेच उभे होते. खिशात मेंबरचं कार्ड होतं, त्यावर त्यांचं आणि बायकोचं नाव. असल्या बोलण्याला उत्तर द्यायचं काम त्यांच्याकडे कधीच नव्हतं, ते खातं बायकोचं. ती असती तर वळून म्हणाली असती, "सवलत कसली मेली, मजुरी आहे ती. दोघं मिळून सकाळभर बसतो, ह्यांची बडबड ऐकतो, सादळलेली बिस्किटं गोड मानून खातो, तेव्हा कुठे तिकिटं हातात पडतात. तुम्हीही बसा, तुम्हालाही देतील." आणि वर अशी हसली असती, की समोरच्याला राग धरायचीही सोय राहिली नसती.

कवळीवाल्यांनी सवयीने डावीकडे पाहिलं. डावीकडे झाडाची कुंडी होती. ते पुन्हा सरळ उभे राहिले आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, ते मागच्या माणसाला ऐकूही गेलं नाही.

उभा जन्म त्यांनी लोकांचे दात केले. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन साचा पाठवायचे आणि हे आपल्या छोट्या लॅबमध्ये मेणात एकेक दात बसवून कवळी तयार करायचे. माणसाचा चेहरा त्यांना क्वचितच दिसे. दिसायचं ते तोंडाचं आतलं माप. म्हणून असेल, पण माणसांशी बोलायची वेळ आली की ते गडबडत. बायको त्यांच्या वाटचंही बोलून घ्यायची. दुकानात, बँकेत, लग्नाला गेल्यावर, डॉक्टरांच्या दारात, सगळीकडे. शेवटी तिला स्वतःलाच दवाखान्यात ठेवलं, तिथेही नर्सला काय हवं, काय नको हे तीच सांगत होती. अगदी बोलता येईनासं होईपर्यंत.

हिवाळ्यात ती गेली. नातेवाइकांना फोन लेकीने केले. भेटायला आलेल्यांना काय झालं, कसं झालं हे लेकीनेच सांगितलं. कवळीवाले लॅबमध्ये जाऊन बसत, आणि तिथे कुणी विचारलंच तर म्हणत, "लेकीला विचारा, तिला सगळं माहीत आहे." इतके महिने लोटले, पण 'ती गेली' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून एकदाही निघालेले नव्हते. निघाले की ते खरं होईल, अशी एक वेडी भीती त्यांच्या पोटात बसली होती. माणूस शहाणा असला तरी पोट शहाणं नसतं.

ह्या वर्षी यायचंच नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पण नात हटून बसली. पार्कातल्या मोठ्या पाण्याच्या घसरगुंडीला उंचीची एक खूण असते. त्या खुणेशी तिला दरवर्षी उभं करायचं आणि दरवर्षी ती तेवढ्यासाठी रडायची. ह्या वर्षी तिचं डोकं खुणेच्या वर जाणार होतं. आजीने दवाखान्यातून तिला सांगून ठेवलं होतं, "तुझ्या आजोबांना सांगितलंय मी. ते नेतील." तेव्हा कवळीवाल्यांनी मान हलवली होती. आता मागे फिरणं शक्य नव्हतं.

"बाबा, पूर्ण पैसे देऊन काढू ना तिकिटं," लेक सकाळी खोलीत म्हणाली होती. "कशाला त्या मीटिंगच्या फंदात पडता? मी काढते."

"पूर्ण पैसे का म्हणून?" ते एकदम तडकले. "आपण मेंबर आहोत. आपला हक्क आहे तो. तुझ्या आईने कधी पूर्ण पैसे दिलेत?"

खरं तर पैशांचं काहीच नव्हतं. पूर्ण पैसे मोजून तिकीट काढायचं म्हणजे त्या मागच्या माणसासारखं परकं होऊन जायचं, हे त्यांना सहन होणारं नव्हतं. आणि मेंबरच्या सवलतीत काढायचं, तर नियम सरळ होता: आणखी आठवडे विकण्यासाठी कंपनी जी मीटिंग घेते, तिला दोघांनी बसायचं. नवरा एकटा चालत नाही, बायको एकटी चालत नाही. हा नियम ठाऊक असूनही ते कार्ड घेऊन खाली आले होते. काय होईल, कसं होईल, ह्याचा विचार त्यांनी केलाच नव्हता. पुढचं बोलायचं ते बायको बघेल, ही सवय अजून अंगातून गेली नव्हती.

"काका! या, या." टेबलामागून टायवाला उठलाच. हे नाव बायकोने ठेवलेलं. पहिल्या वर्षी तो विक्रीच्या कामाला नवाच आणि इतका घाबरलेला होता की बोलताना सारखा टाय ओढायचा. आता त्याचं पोट सुटलं होतं आणि टाय ओढायची सवयही गेली होती. "तुमची वाटच बघत होतो. काकू कुठायत?"

"येतेय मागून," कवळीवाले म्हणाले.

शब्द तोंडातून निघून गेले आणि मगच त्यांना कळलं, आपण काय बोललो ते. परत घ्यावेत तर त्याच्या जागी ठेवायला दुसरे शब्द हवेत, आणि तेच तर नव्हते.

"मग बसू या तोवर." टायवाल्याने त्यांना कोपऱ्यातल्या नेहमीच्या टेबलाशी नेलं. दोन खुर्च्या एका बाजूला, एक समोर. त्याने स्वतः जाऊन कॉफी आणली, तीन कप. एक कप रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला आणि साखरेच्या दोन पुड्याही त्याच्याशेजारी ठेवल्या. "काकूंना दोन लागतात ना," तो म्हणाला.

मग दोघे बसून राहिले. टायवाला इकडचं तिकडचं बोलत होता. त्याची बदली होणार होती, ती टळली. मुलाला दात येत होते. "काकूंशिवाय सुरू करण्यात मजा नाही हो," तो म्हणाला. "त्या इतकं भांडतात, की मलाच चार गोष्टी नव्याने कळतात. मागे म्हणाल्या, तुमच्या ह्या चित्रातल्या बाईला एवढं हसायला काय झालंय, हिला हप्ते भरायचे नाहीत वाटतं. आमच्या साहेबांनी ते चित्रच काढून टाकलं."

"असं?" कवळीवाले म्हणाले.

"पाय दुखत असतील का त्यांचे? व्हीलचेअर पाठवू वर?"

"नको, नको. येईल ती."

"लिफ्टपाशी गर्दी असेल. मीच जाऊन घेऊन येतो."

"बस म्हणतो ना," कवळीवाले एवढ्या जोरात म्हणाले, की शेजारच्या टेबलावरचं जोडपं वळून पाहायला लागलं. टायवाला अर्धवट उठलेला खाली बसला. दोन पुड्यांशेजारची कॉफी निवून तिच्यावर साय धरली होती. कवळीवाल्यांना वाटलं, उठावं, कार्ड तिथेच टाकावं आणि लॅब गाठून दार लावून घ्यावं.

तेवढ्यात लेक आली. तिच्या हाताला धरून नात, अंगावर पोहायचे कपडे, गळ्यात टॉवेल. "बाबा, झालं का? ही ऐकत नाहीये."

"ताई, बरं झालं आलात," टायवाला म्हणाला. "आईंना तेवढं खाली घेऊन या ना. त्या आल्या की लगेच सुरू करतो, म्हणजे छोट्या बाईंना उशीर नको."

लेक जागच्या जागी थांबली. तिने त्या तिसऱ्या कपाकडे पाहिलं, मग वडिलांकडे. सगळं तिच्या ध्यानात आलं. कवळीवाले तिच्याकडे केविलवाणं बघत राहिले. बोल ना, तूच बोलतेस ना नेहमी, एवढं एकदा सांगून टाक. पण लेक बोलली नाही. तिचे डोळे भरून आले होते आणि ओठ तिने घट्ट मिटून घेतले होते. आईच्या वाटचं ती महिनोन्‌महिने बोलत आली होती. दर फोनवर तेच, दर माणसाला तेच. तिलाही कुणीतरी सोडवायला हवं होतं, हे त्या घटकेला कवळीवाल्यांच्या पहिल्यांदा लक्षात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

"ती येणार नाही," ते टायवाल्याला म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "वारली ती. हिवाळ्यातच वारली. मी खोटं बोललो तुझ्याशी."

नातीने टॉवेलाचं टोक तोंडात धरलं. लेक येऊन वडिलांच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. टायवाल्याचा हात गळ्याशी गेला आणि त्याने टाय ओढला.

मग तो म्हणाला, "काका, मला कसं सांगावं कळत नाहीये. पण तुम्हाला तिकिटं मिळतील. मेंबर एकटा असेल तर त्याला मीटिंग लावतच नाहीत. सवलत तशीच मिळते. फक्त…"

"फक्त काय?"

"कार्डावरून काकूंचं नाव काढावं लागेल. इथेच होतं, लगेच."

कवळीवाल्यांनी हातातला चमचा बशीत आपटला. "म्हणजे ती होती तोवर तिला इथे बसवून ठेवलंत. दरवर्षी. कंबर दुखायची तिची ह्या खुर्चीत. आणि आता ती मेली, तर बसायचीही गरज नाही? हा कुठला न्याय रे?"

"नाही हो काका, न्याय नाहीच आहे," टायवाला म्हणाला.

"बाबा, चला," लेक हळूच म्हणाली. "नको आपल्याला सवलत. असू दे तिचं नाव कार्डावर. मी काढते तिकिटं."

त्यांना उठायचंच होतं. नाव राहिलं असतं, कार्ड खिशात गेलं असतं, आणि वर्षानुवर्षं कुणी विचारलं की 'येतेय मागून' म्हणायला ते मोकळे राहिले असते. पण समोर नात उभी होती. तिच्यासमोर आपण एकदा खरं बोललो आणि आता लगेच ते झाकून ठेवायचं, हे त्यांना बरं वाटेना. त्यांनी खिशातून कार्ड काढलं. अंगठ्याने ते उगाच एकदा पुसलं आणि टेबलावरून पुढे सरकवलं.

"काढ नाव," ते म्हणाले.

टायवाला कार्ड घेऊन गेला आणि नवं घेऊन आला. त्यावर एकच नाव होतं आणि बाकी जागा कोरी. सोबत तीन तिकिटं होती. कवळीवाल्यांनी नवं कार्ड न बघताच खिशात टाकलं आणि दोन तिकिटं लेकीच्या हातात दिली.

"तुम्ही व्हा पुढे."

"आजोबा, तुम्ही नाही येणार?" नातीने विचारलं.

"येणार तर. घसरगुंडीशी थांब, मी आल्याशिवाय वर चढायचं नाही. माझं इथलं काम राहिलंय तेवढं उरकतो."

लेकीला काही कळलं नाही, पण तिने विचारलं नाही. दोघी दारातून बाहेर पडेपर्यंत कवळीवाले बघत होते. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"हं, कर सुरू."

"काय सुरू करू?"

"मीटिंग."

"काका, अहो गरज नाही. तिकिटं दिलीत मी तुम्हाला."

"फुकट कशाला घेऊ? तिने कधी घेतली नाहीत. बोल तू. नेहमीसारखं बोल, काही गाळायचं नाही."

टायवाल्याने शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, खाकरला आणि खरोखरच सुरू केलं. एक आठवडा आहे, त्याचे दोन केले तर काय फायदा. ही मोठी खोली, हिला वेगळं स्वयंपाकघर. सकाळचं ऊन सरळ आत येतं. ही बाल्कनी, इथे तुम्ही दोघं… तो अडखळला.

"पुढे बोल," कवळीवाले म्हणाले. "इथे ती विचारायची, ह्या खोलीतली भांडी कोण घासतं."

"भांडी आमची माणसं घासतात, काकू," टायवाला म्हणाला, आणि त्याने चूक सुधारली नाही.

"आणि ती म्हणायची, मग माझं घरचं दुःख तुम्ही इथे दूर करणार, आणि परत गेल्यावर काय?"

"परत गेल्यावर आमची आठवण काढा."

बायको असे प्रश्न विचारायची तेव्हा कवळीवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. टेबलाखालून ते तिला पायाने खुणवायचे, अगं पुरे. आता एकेक प्रश्न ते आठवून आठवून विचारत होते, जिथल्या तिथे, तिच्याच तोऱ्यात. तोरा काही त्यांना जमत नव्हता. मधेच आवाज फाटत होता. ते थांबत, गार कॉफीचा घोट घेत, पुन्हा विचारत. टायवाल्याने एकही उत्तर आखडतं घेतलं नाही.

शेवटचं चित्र संपलं. टायवाल्याने फाइल मिटली, दोन्ही हात तिच्यावर ठेवले आणि इतक्या वर्षांच्या सवयीने विचारलं, "मग, काय ठरवलं?"

"घरी विचारून सांगतो," कवळीवाले म्हणाले.

म्हणाले आणि तसेच बसून राहिले. दोघांनी मिळून बसायचा तो नियम कंपनीने केला होता तोच मुळी ह्या वाक्यापायी. नवरा एकटा आला की हेच म्हणतो आणि सटकतो. ह्या टेबलाशी कवळीवाल्यांना हे वाक्य कधी वापरताच आलं नव्हतं, कारण जिला विचारायचं ती शेजारीच बसलेली असायची.

ह्या वाक्यावर पुढे काय बोलायचं, गिऱ्हाईक कसं धरून ठेवायचं, हे टायवाल्याला चांगलं पाठ होतं. त्यातलं तो काही बोलला नाही. एक जोडपं बोलावण्याची वाट बघत टेबलाजवळ येऊन उभं राहिलं होतं. त्यांना त्याने हातानेच थांबायची खूण केली.

"सावकाश विचारा काका," तो म्हणाला. "घाई नाही."