जवळजवळ रिकामी बरणी

जुनी आहे मी, मित्रांनो, हे आधीच सांगून टाकते. काचेची आहे, तोंडाशी टवका उडालेला आहे, झाकण केव्हाच हरवलं आहे. आणि थकले आहे. तुम्ही म्हणाल, एका जागी उभी राहणारी बरणी कशाने दमली? साखरेच्या बरणीचं बरं असतं. तिच्यात साखर असते, ती निवांत असते. माझ्यात कधी काही टिकलंच नाही. रोज संध्याकाळी मला भरायचं, थोडं ओतायचं, पुन्हा भरायचं, आणि सगळ्यांनी टक लावून माझ्याकडे बघायचं. यातच माझा जन्म गेला.

भट्टीतून निघालो तेव्हा आम्ही साऱ्या बहिणी सारख्याच दिसत होतो. माझी रवानगी एका गोळ्या-बिस्किटांच्या दुकानात झाली. तिथे माझे फार लाड झाले. मुलं काउंटरला नाक टेकवून माझ्याकडे बघायची. पुढे ते दुकान बंद झालं आणि सामानाच्या विक्रीतून एका बाईंनी मला घरी आणलं. साखर ठेवायला आणलं होतं हो! पण त्यांचे यजमान इंग्रजी शिकवायचे. त्यांनी मला उजेडात धरलं, फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "ही मला वर्गात लागेल."

"घरातली एक वस्तू जागेवर राहू द्याल तर शपथ," बाई म्हणाल्या. त्यांना सगळे वहिनी म्हणत. साखर शेवटी प्लास्टिकच्या डब्यात गेली.

सरांचा वर्ग घराच्या पुढच्या खोलीत भरायचा. बाकं, फळा, कोपऱ्यात बेसिन, खिडकीत एक सुकत चाललेलं रोप. कामावरून सुटून आलेली मोठी माणसं तिथे शिकायला यायची. एक ॲम्ब्युलन्स चालवणारे दादा होते, ते कायम घाईत. एक लिफ्ट दुरुस्त करणारा होता. दवाखान्यातल्या दोघी सिस्टर होत्या. आणि शिवणकाम करणाऱ्या मावशी होत्या. मावशींच्या मुलीचं लग्न होऊन ती दूरदेशी गेली होती. तिकडच्या नातवाला आजीची भाषा येत नव्हती, म्हणून आजी त्याची भाषा शिकायला आली होती. पण वर्गात त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. मान खाली घालून बोटाने बाकावर अक्षरं गिरवत बसायच्या.

सर मला टेबलावर ठेवायचे आणि पाणी ओतायचे. "आपण काय म्हणतो? बरणी भरत आली. भरली. रिकामी होत आली. आपलं सगळं क्रियापदावर चालतं. इंग्रजीत तसं नाही. तिथे आधी किती, मग कशी, मग काय. ऑलमोस्ट, फुल, जार. ॲन ऑलमोस्ट फुल जार. म्हणा!"

सगळे म्हणायचे. मग सर मला उपडी करायचे. कम्प्लीटली एम्प्टी. मग निम्मी. हाफ फुल. यावर कुणी ना कुणी अर्ध्या पेल्याचं तत्त्वज्ञान सांगायला तोंड उघडायचं, तेव्हा सर हात वर करायचे, "ते नको. ते ऐकून ऐकून माझे कान किटलेत."

ॲम्ब्युलन्सवाले दादा हटकून "व्हेरी व्हेरी कम्प्लीट" म्हणायचे. सर कपाळाला हात लावायचे. "अहो, खूप पूर्ण असं काही असतं का? पूर्ण झालं की संपलं. त्याच्या आधी फार तर जवळजवळ येतं, निम्मं येतं, नाहीतर अगदी येतं."

"पण सर, आमचे साहेब म्हणतात, रिपोर्ट व्हेरी कम्प्लीट पाहिजे."

"तुमच्या साहेबांना माझ्याकडे पाठवा."

असा हशा व्हायचा. माझ्या अंगावर थेंब सुकायचे, डाग पडायचे, पण हसणं ऐकून मलाही बरं वाटायचं. वाढलेल्या वयात माणसं शिकतात ते बघायला मला आवडायचं, खोटं कशाला सांगू?

मग एके दिवशी सरांनी पाणी ओतायला घेतलं ते थांबवलंच नाही. पाणी काठावरून वाहून टेबलावर आलं, टेबलावरून हजेरीपटावर. "सर आज रंगात आलेत," लिफ्टवाला म्हणाला. सर हसले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. फळ्यावर एका ओळीवर दुसरी ओळ लिहिली जाऊ लागली. रोजच्या बाकाला रोज गुडघा आपटायला लागला. विद्यार्थी एकमेकांकडे बघायचे आणि वहीत मान घालायचे. सरांना कोण काय बोलणार?

एका दुपारी खोलीत कुणी नसताना सरांनी मला खिडकीत ठेवलं. आधी उजवा डोळा झाकला. डाव्या डोळ्याने कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिले. "जवळजवळ काहीच नाही," ते स्वतःशीच म्हणाले. मग डावा झाकला आणि उजव्याने बघितलं.  मला फार भीती वाटली, मित्रांनो.

त्याच आठवड्यात चष्म्याच्या दुकानातला त्यांचा एक जुना विद्यार्थी घरी आला. वहिनी भाजी आणायला गेल्या होत्या. तो टेबलाला टेकून हळू आवाजात म्हणाला, "सर, हा नंबरचा प्रश्न नाही. मला काचबिंदू वाटतोय. गेलेली नजर परत येत नाही, पण राहिलेली वाचवता येते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. उशीर करू नका."

"वर्गातल्या या सगळ्यांची परीक्षा होऊ दे. मग जातो."

"वहिनींना सांगू का?"

"खबरदार! तिला कळलं तर वर्ग बंद आणि स्कूटरही बंद."

स्कूटर! रोज सकाळी सर नातीला मागे बसवून शाळेत सोडायचे. "आजोबा, घट्ट धरलंय," असा तिचा आवाज मला खिडकीतून ऐकू यायचा. तेव्हापासून ती स्कूटर फाटकातून बाहेर पडली की परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागायचा. मी काचेची, मला तोंड आहे पण आवाज नाही. असती जीभ तर ओरडून सांगितलं असतं.

सर आता हुशारीने वागू लागले. पाणी ते वर्गाआधीच भरून ठेवायचे, बोट आत घालून काठ चाचपत. वर्गात मला उचलायचं टाळायचे. लांबून पट्टीने दाखवायचे.

त्या संध्याकाळी असंच मला काठोकाठ भरून ते आत चहा घ्यायला गेले. ॲम्ब्युलन्सवाले दादा धापा टाकत आले. गाडीचं इंजिन तापलं होतं, नळाला पाणी नव्हतं. त्यांनी मला उचललं, बाहेर नेऊन गाडीत पाणी ओतलं, मला झटकून परत टेबलावर ठेवलं. "सांगतो सरांना," असं म्हणेपर्यंत सर आलेच आणि पट्टी माझ्यावर रोखून शिकवायला लागले.

"समोर काय आहे? अ कम्प्लीटली फुल जार. म्हणा."

खोलीत कुणी हललं नाही. मग सिस्टर म्हणाल्या. लिफ्टवाला म्हणाला. दादांनी पायाकडे बघत म्हटलं. सगळ्यांनी एका सुरात, मी पार रिकामी असताना, मला भरलेली म्हटलं. सरांना वाईट वाटू नये म्हणून. माझं आयुष्य गेलं बघण्यात आणि नजरा झेलण्यात, पण त्या दिवसाइतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"शाबास," सर म्हणाले. "पुन्हा."

तेव्हा मावशी उभ्या राहिल्या. हात थरथरत होते.

"सर... जार... एम्प्टी. कम्प्लीटली."

"असं नाही हो, मावशी. आधी किती, मग कशी, मग काय. अ कम्प्लीटली एम्प्टी..."

सर तिथेच थांबले. पट्टी खाली ठेवली. चाचपडत माझ्यापर्यंत आले आणि माझ्यात हात घातला. बोटं तळापर्यंत गेली. तळाशी नुसता ओलावा होता.

"पाणी मी घेतलं, सर," दादा म्हणाले. "गाडीसाठी."

"आणि तरी तुम्ही सगळे भरलेली म्हणालात?"

"तुम्ही सर आहात," मावशी म्हणाल्या. त्या रडत होत्या. "कसं बोलणार? पण तुम्हाला दिसत नाही, सर. किती दिवस झाले, दिसत नाही. आम्हा सगळ्यांना माहीत आहे."

दारात चहाचा ट्रे घेऊन वहिनी उभ्या होत्या. त्यांनी ट्रे बाकावर ठेवला.

"दिसत नाही? आणि रोज सकाळी पोरीला मागे बसवून..."  खिळ्यावरची स्कूटरची किल्ली त्यांनी काढली, टेबलाशी आल्या आणि माझ्यात टाकली. काचेवर किल्ली वाजली ती अजून माझ्या अंगात वाजते.

"इथे राहू दे आता," त्या म्हणाल्या. 

वर्ग बंद झाला. बाकांवर धूळ बसली, माझ्यावरही बसली. खिडकीतलं रोप वाळून गेलं. कुणी मला पुसलं नाही, आणि मी त्याबद्दल कुरकुर करत नाही. घरात तेव्हा दुसऱ्या काळज्या होत्या. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. उजव्या डोळ्यात जेवढं उरलं होतं, तेवढं वाचलं. डाव्यासाठी त्यांनी मान हलवली. थोडं आधी आला असतात तर तोही वाचला असता, असं ते म्हणाले. वहिनी हे चष्मेवाल्याला सांगत होत्या आणि तो मान खाली घालून ऐकत होता.

बऱ्याच दिवसांनी बाकं पुसली गेली. सगळे आले. नातीला आता दादा शाळेत सोडतात. ॲम्ब्युलन्समधून नाही हो, चालत, हात धरून! सरांनी मला दोन्ही हातांनी उचललं, उजव्या डोळ्याजवळ नेलं आणि हलवलं. किल्ली खुळखुळली.

"मावशी, ही कशी आहे?"

मावशींनी मान वर केली. "ॲन ऑलमोस्ट एम्प्टी जार, सर."

"बरोबर. ऑलमोस्ट." सरांनी मला अलगद टेबलावर ठेवलं. "आणि यापुढे माझं चुकलं आणि कुणी हो ला हो केलं, तर त्याला वर्गाबाहेर उभा करीन."

ती किल्ली अजून माझ्यात आहे. स्कूटर विकली, तेव्हा घेणाऱ्याला दुसरी किल्ली दिली. माझ्यात टिकलेली ही एकच गोष्ट. मी आता दमले आहे, टवका वाढत चालला आहे, एखाद्या दिवशी फुटेन. म्हणून जाता जाता एवढंच मागते. तुमच्या घरातलं कुणी पाणी ओतताना काठ चुकत असेल, उंबऱ्याला रोज ठेचकाळत असेल, तर मान देऊन गप्प बसू नका. मावशींसारखं उभं राहा. शब्द मागेपुढे झाले तरी चालतील, हात थरथरले तरी चालतील, पण जे दिसतंय ते त्यांना सांगा. आमच्या खोलीतल्या सगळ्यांना दिसत होतं, मित्रांनो, आणि सरांचा एक डोळा गेला.