उन्नतीची सुट्टी

काळूराम काल्हेर ते भिवंडी शेअर रिक्षा मारतो. तोंडानं फटकळ, पण पोरीचं नाव काढलं की पाघळणारा. पोरगी उन्नती, आठ वर्षांची, दुसरीत. बोलायला उशिरा लागली, आणि शाळेची घंटा वाजली की कानावर हात दाबून किंचाळते. गावातली बाकीची पोरं गावच्या शाळेत, ही एकटी शहरातल्या. असल्या पोरांना शिकवणारी बाई तिथं येते, असं कोणीतरी सांगितलं होतं.

आता या शाळेला सुट्ट्या फार. आठवड्याला दोन तरी असायच्याच. वर्गाच्या माधवीबाई गेटवर काळूरामच्या बायकोला, कमळला, सांगायच्या, "उद्या पाठवू नका हं, सुट्टी आहे." गेटवरच्या बाकीच्या आया कमळला बघून बाजूला सरकायच्या, मग ती विचारणार कोणाला?

"उद्या कोनाची जयंती हाय गो?" काळूराम घरी विचारायचा.

"मना काय ठाव? मोठी शाला, मोठे सण."

दोघं हसायची.

त्या बुधवारी पण सुट्टी होती. साडेअकराला धामणकर नाक्यावर दोन पोरी रिक्षात चढल्या. अंगावर उन्नतीच्याच शाळेचा हिरवा चौकडीचा फ्रॉक.

"काय गो, आज सुट्टी न्हाय?"

"कसली सुट्टी, काका?"

"कितवीत हाव?"

"दुसरी ब."

उन्नतीचा वर्ग तोच. "मंग उन्नतीला वलखता?"

त्यातली रीमा नावाची पोरगी खिदळली. "तिला असते ना सुट्टी! पेपर असला, तपासणीचे साहेब येणार असले, की तिलाच असते. आम्हाला नसते. आज साहेब येणारेत. ती नसली की बाई म्हणतात, बघा, आज वर्ग किती शांत!"

काळूरामचा पाय ब्रेकवर गेला तो तिथंच राहिला. मागचा टेम्पोवाला बोंबलला, "अबे सो गया क्या?" एरवी काळूरामनं त्याचं खानदान काढलं असतं. आज त्यानं नुसती रिक्षा शाळेकडं वळवली.

पोरी शाळेत गेल्या. वॉचमननं त्याला अर्धा तास गेटवर थोपवलं, प्रार्थना झाल्यावर आत सोडलं. मोठ्या बाईंच्या टेबलावर साहेबांना दाखवायला हजेरीची पुस्तकं काढून ठेवलेली. काळूराम चौथी शिकलेला. त्यानं दुसरी ब उघडलं, पोरीच्या नावावर बोट ठेवलं.

आज हजर.

बोट मागं सरकवलं. काल हजर. गेल्या सोमवारी तर सुट्टी म्हणून तो तिला घेऊन अंबाडीच्या बाजारात गेला होता. त्या दिवशी पण हजर.

"बाई, ही काय भानगड हाय?"

मोठ्या बाईंनी पुस्तक ओढून घेतलं. "अहो, तिचंच भलं बघितलं. गैरहजेरी लागली तर तिचंच नुकसान ना? बाकीच्या पालकांनी तक्रार केली, मिटिंग झाली, त्यात ठरलं."

"मिटिंगला मना का न्हाय बोलवलं?"

"तुमच्याच मुलीबद्दल होती ना. तुम्हाला कसं बोलावणार?"

काळूराम खुर्चीत बसला. कोणी बस म्हटलं नव्हतं.

"बाई, पोरगी आज हजर हाय ना?"

"म्हणजे... तशी..."

"मंग द्या. न्यायला आलोय मी. कुठं ठेवलीय तिला? सापडत नसल तर चौकीत जातो. शालेतून पोर हरवली, सांगतो."

मोठ्या बाईंचा चेहरा उतरला. साहेबांची गाडी कुठल्याही क्षणी येणार. "उद्यापासून पाठवा ना, रोज पाठवा."

"उद्या न्हाय. ती आज हजर हाय." तो उठून थेट दुसरी ब च्या दारात गेला. "माधवीबाई, चला. बसा रिक्षात. तुमीच घेऊन या तिला."

मागून आलेल्या मोठ्या बाईंनी जा म्हणून खुणावलं, तशा बाई रिक्षात बसल्या. रिक्षा काल्हेरला घरापुढं थांबली.

दारात बाईंना बघून कमळ गडबडली. "बाई, तुमी? सुट्टीच्या दिवशी?"

उन्नती ओट्यावर बसली होती. ती झटकन उठली, हाताची घडी घातली. एकेक शब्द जुळवत म्हणाली, "बाई, आज मी ओरडली न्हाय. आईला इचारा. संपली माझी सुट्टी?"

काळूराम दारातच थिजला. तो न् कमळ जयंत्या शोधत हसत होते, आणि पोरीला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं. घरात बसून ती तोंड दाबून धरत होती.

"फ्रॉक आन," तो कमळला म्हणाला.

पोरीला फ्रॉक घातला खरा, पण पाठीची बारकी बटणं काही त्याला लागंनात. शेवटी माधवीबाई खाली बसल्या, त्यांनी लावली बटणं. काळूरामनं त्यांच्याकडं बघितलं नाही. रिक्षा चालू करून तो वाट बघत बसला.