बास्केटमागची गादी

मित्रांनो, मी एक जुनी कापसाची गादी आहे. अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या काळ्या मुलांच्या एका छोट्या कॉलेजात, तिथल्याच कार्यशाळेत, विद्यार्थ्यांनी मला शिवलं. जागा मिळाली वसतिगृहात, आमच्या संघातल्या थॅडियसच्या खाटेवर. पण माझं खरं काम बास्केटबॉलचं. हसू नका!

आमचा हॉल इतका आखूड, की बास्केटमागे दोन पावलांवर विटांची भिंत. म्हणून सामन्याच्या दिवशी आम्हा गाद्यांना खाटांवरून उचलून तिथे टांगत. रात्री आम्हीच पाहुण्या संघासाठी जमिनीवर अंथरल्या जात असू, कारण गावातली हॉटेलं काळ्या खेळाडूंना दारात उभं करत नसत. आमची पोरं नुसत्या लोखंडी खाटांवर झोपायची आणि सकाळी पाठ चोळत एकमेकांना चिडवायची. मला त्या कामाचा फार अभिमान होता.

एका नाताळच्या सुटीत आमच्या प्रशिक्षकांनी गुपचूप गोऱ्यांच्या एका कॉलेजचा संघ बोलावला. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र खेळायला तेव्हा बंदी होती. पडदे ओढले, दारं लावली. थॅडियसने मात्र मला भिंतीवरून खेचून काढलं.

"माझी गादी यांच्यासाठी नाही! आमच्या एझ्राचा पाय मोडला, तेव्हा यांच्या दवाखान्याने आत तरी घेतलं का? आज लंगडतोय माझा भाऊ."

"ठाऊक आहे रे बाबा," वसतिगृह सांभाळणाऱ्या मिस लव्हिनिया म्हणाल्या. "पण यातला एखादा आपटला तर? पोलीस विचारतील, हा इथे आला कसा. कॉलेजला टाळं लागेल."

"मग त्यांनी बघून पळावं!"

तेवढ्यात शिटी वाजली. दुसरी गादी आणायला वेळच उरला नाही.

मी कोपऱ्यात पडून पाहत होते. चेंडू हाती आला की आमची पोरं सुटलीच म्हणून समजा. गोऱ्यांना तो वेग नवा होता. त्यांचा एक लाल केसांचा लंबू चेंडूमागे धावला, तो थांबेचना. समोर उघड्या विटा.

"अरे, भिंत!" थॅडियस ओरडला आणि मध्ये घुसला. त्याचा खांदा मोडल्याचा आवाज मी ऐकला.

त्याला माझ्यावरच निजवून डॉक्टरकडे नेलं. चौघांनी चार कोपरे धरले. चौथा तो लाल केसांचा. रडत होता.

"मला का वाचवलंस?"

"गप चाल रे. फक्त हलवू नकोस," थॅडियस कण्हला.

फाटकापाशी त्या मुलाला माझा कोपरा सोडावा लागला. रस्त्यावर कुणी पाहिलं असतं तर सगळेच अडकले असते.

थॅडियस पुन्हा खेळला नाही. पण पुढच्या प्रत्येक सामन्याला, डाव्या हाताने का होईना, मला तोच टांगायचा.

नंतर कायदे बदलले. चांगलंच झालं. मोठ्या विद्यापीठांनी आमची गुणी मुलं नेली, टाळ्याही तिकडेच गेल्या आणि मी अडगळीत आले. आता पोरांना वाटतं, तो वेगवान खेळ तिकडेच जन्मला. याचं मात्र मला वाईट वाटतं.

मित्रांनो, मला जपा असं म्हणत नाही. माझ्या कापसाचे गोळे झालेत. पण तुमच्याकडे खेळायला कुणीही येवो, आधी भिंत झाका. थॅडियसचा राग खरा होता, मी आजही त्याच्याच बाजूची आहे. पण भिंत उघडी ठेवली कुणासाठी, आणि लागली कुणाला!