दोन बोटांचं अंतर

मार्गशीर्षातल्या गार सकाळी कुंदामावशी मोहनमाळ दोन्ही तळव्यांमध्ये मिटून धरायची आणि पाखराच्या पिलावर घालावी तशी तिच्यावर हलकेच फुंकर घालायची. थंड सोनं एकदम गळ्याला लागलं की मुलगी दचकते, खांदे आखडून घेते, आणि आखडलेल्या खांद्यांवर कुठलाच हार नीट बसत नाही, असं तिचं म्हणणं. म्हणून आधी ऊब, मग हार. तिच्या तळव्यांतून मणी सरकताना कोरड्या वाळूवरून पाणी ओसरावं तसा बारीकसा आवाज येई, आणि खिडकीतलं कोवळं ऊन त्या पिवळ्या मण्यांवर क्षणभर थबकून पुढे जाई.

इंदूरच्या छत्रीबागेत आमच्या समोरच्या घरात ती राहायची. नात्यानं आमची कुणी नव्हे. मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. पण आसपासच्या मराठी घरांतली एकही नवरी तिच्या हाताशिवाय मांडवात जात नसे. साडी कुणीही नेसवावी, वेणी कुणीही घालावी; गळ्यातले हार मात्र कुंदामावशीनंच चढवावेत. ठुशी गळ्याशी लगटून, तिच्याखाली तन्मणी, मग पुतळीहार, मग बोरमाळ, आणि शेवटी छातीवर संथ उतरणारी मोहनमाळ. प्रत्येक हाराची दोरी ती मानेमागे निरनिराळ्या उंचीवर बांधायची, म्हणजे गाठींची गर्दी होत नाही. दोन हारांच्या मध्ये आपली दोन बोटं ठेवून अंतर बघायची.

"देख बेटा," ती मला म्हणायची, "हर एक हाराला आपली जागा लागते. सगळे एकावर एक चढले ना, तर मग दिसत कुणीच नाही."

सगळं झालं की ती नवरीला वाकून नमस्कार करायला लावायची. उभं राहून सुंदर दिसणारे हार वाकल्यावर एकमेकांत गुंततात, आणि नवरीला तर दिवसभर वाकायचंच असतं. वाकूनही हारांचे पदर सुटे राहिले, तरच तिचं काम संपायचं. तिच्या स्वतःच्या गळ्यात मात्र काळ्या मण्यांची एक पोत तेवढी असे.

मग तिचे यजमान, आमचे काका, गेले, आणि ती पोतही गेली. त्या वर्षापासून लग्नघरांची बोलावणी कमी होत होत थांबली. कुणी तिला काही बोललं नाही, कुणी दार लावून घेतलं नाही. एखाद्या झाडावर पाखरांनी उतरायचंच सोडून द्यावं, इतक्या निःशब्दपणे ते घडलं. मी तेव्हा नोकरीला लागले होते. जेवायला बसले की मोठ्या आवेशानं म्हणायची, हे सगळं बकवास आहे, आजच्या काळात कोण मानतं असलं! आई पोळी वाढायची.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी आपणहून तिच्याकडे गेले. "मावशी, माझे हार तूच घालायचेस."

ती शिवणाच्या मशीनवरून उठली नाही. सुईतला दोरा नीट करत म्हणाली, "तुझ्या घरचे काय म्हणतील?"

"काय म्हणायचंय त्यात? मी म्हणतेय ना."

त्यानंतर पंधरा दिवस तिनं माझ्या पाचही हारांच्या जुन्या दोऱ्या काढून रेशमाच्या नव्या दोऱ्या वळल्या. डाळिंबी रंगाच्या, टोकाला बारीक गोंडे असलेल्या. एका दुपारी मला समोर बसवून तिनं सगळे हार चढवून पाहिले. इतक्या दिवसांनी तिच्या बोटांना त्यांचं काम मिळालं होतं. ती चक्क गुणगुणत होती, आणि मी स्वतःच्या उदारपणावर मनातून खूश होते. ती खुशी आज आठवली की अंगावर काटा येतो.

लग्न इंदूरजवळच्या राऊला, एका लॉनवर होतं. सकाळी नवरीच्या खोलीत आई, आत्या आणि पार्लरची मुलगी होती. मावशी दोऱ्यांची पिशवी घेऊन दाराशी आली. पांढुरक्या जरीची साडी, केस चापून बसवलेले. ती आत पाऊल टाकणार, तेवढ्यात आत्या आईला म्हणाली, "वहिनी, बुरा मत मानो, पण आजच्या दिवशी कुंदाताईंनी हात नको लावायला. मुलीच्या भल्यासाठी म्हणतेय."

आवाज हळू होता, पण खोली लहान होती.

आईनं माझ्याकडे पाहिलं. आत्यानं पाहिलं. दाराशी उभ्या असलेल्या मावशीनंही पाहिलं. मी आरशात बघत होते, आणि आरशातून मला तिघीही दिसत होत्या. मनात एक भित्रं काहीतरी सळसळून गेलं. हे सगळं खोटंच, पण समजा, समजा काही झालंच तर? आणि मी म्हणाले, "जाऊ दे ना मावशी, पार्लरवाली आहेच. तू आरामात बस."

"हो हो, सही बात आहे," ती लगेच म्हणाली. तिनं पिशवी आईच्या हातात दिली आणि मागे सरली. दार अर्धवट लोटलं गेलं.

पार्लरच्या मुलीला ते जमेना. मोहनमाळ पुतळीहारावर चढत होती, तन्मणी एका बाजूला कलत होता. "दीदी, ये टिक ही नहीं रहा," ती रडवेली होऊन म्हणाली. बाहेर मुहूर्ताची घाई सुरू झाली. तेव्हा लोटलेल्या दारापलीकडून आवाज आला.

"सगळे काढ. पहिले ठुशी. दोरी केसांच्या अगदी खाली बांध."

ती गेलीच नव्हती.

मी स्वतःच हार काढले आणि ती सांगत गेली तशी एकेक घालत गेले. "आता तन्मणी. दोन बोटं सोड. गाठ ठुशीच्या गाठीखाली, वर नाही." तिचा स्वर वर्गात शिकवावं तसा शांत होता. आत्या खाली मान घालून बांगड्या फिरवत होती. सोनं इतकं गार होतं की प्रत्येक हारागणिक माझे खांदे आखडत होते. शेवटी ती म्हणाली, "आता वाकून बघ."

मी वाकले. पाचही पदर सुटे राहिले. माझं तोंड दाराकडे होतं. लोटलेल्या दाराआडून तिला ते वाकणं दिसलं नाही. चार पावलं टाकून दार उघडायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती. मी ती टाकली नाहीत.

त्या दिवशी ज्यानं त्यानं माझ्या गळ्याचं कौतुक केलं. मावशी जेवणाच्या शेवटच्या पंगतीत बसली आणि मला आशीर्वाद द्यायला लांबूनच हात उंचावून गेली.

होळीनंतर मी तिच्याकडे गेले. ती पायरीवर मटार सोलत होती. वाटेत मी वाक्यं जुळवून ठेवली होती. "मावशी, त्या दिवशी आत्या जे बोलली..."

"आत्याचं सोड," तिनं मला थांबवलं. "ती तर बोलणारच. पण मी दाराशीच होते ना, बेटा. तू हाक मारली असतीस तर आले असते."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला रडता तरी आलं असतं. मटारांचं भांडं बाजूला ठेवत तिनं विचारलं, "पोहे खाशील?" मी खाल्ले. ती समोर बसून मी संपवेपर्यंत वाऱ्यानं उडणारी मटारांची सालं गोळा करत राहिली.

पुढच्या थंडीत ती भोपाळला मुलीकडे गेली आणि तिथेच, चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन, गेली. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं.

आता नात्यागोत्यातल्या मुली लग्नात हार चढवायला मला बोलावतात. कुणी विचारलंच, की हे कुठे शिकलीस, तर मी तिचं नाव सांगते. भर मांडवात, मोठ्यानं. एकदा आत्यासमोरही सांगितलं. तीही मान हलवून म्हणाली, "हाथ बहुत अच्छा था त्यांचा." गेलेल्या माणसाच्या नावानं कुणाचाच शकुन मोडत नाही; म्हणून तर ते नाव घेताना माझी जीभ आता अडखळत नाही, आणि म्हणूनच ते घेण्याला काही मोलही नाही. काळ बोललेल्या शब्दांची धार हळूहळू बोथट करतो. पण जी हाक वेळेवर ओठांबाहेर पडलीच नाही, तिला तो हात लावत नाही, आणि ती आयुष्यभर तितकीच ताजी, तितकीच निरुपयोगी होऊन आत उभी राहते.